मैदानाची प्रकाशयोजना: खांबाच्या जागेपासून दरवर्षीच्या मोजणीपर्यंत

दिवे लागले, लख्ख उजेड पडला, तरी खेळाडूंच्या तक्रारी थांबत नाहीत. उंच चेंडू दिसेनासा होतो, गोलरक्षकाचे डोळे दिपतात, कोपरे काळवंडलेले राहतात. मग आणखी दिवे चढवले जातात आणि डोळे आणखी दिपतात. मूळ चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. वॅट आधी ठरतात, खांब रिकाम्या जागी उभे राहतात आणि हिशेब सगळ्यात शेवटी होतो. खरं तर खेळाचा प्रकाश आधी भूमितीचा प्रश्न आहे, विजेचा नंतर. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. उदाहरणासाठी १०५ × ६८ मीटरचं, क्लब पातळीच्या सामन्यांचं फुटबॉल मैदान धरलं आहे.

## टप्पा १: खेळाची पातळी ठरवा, मग लक्स

'किती दिवे लागतील?' हा पहिला प्रश्न नव्हे. कोणता खेळ, कोणत्या पातळीवर, कॅमेऱ्यासमोर की नाही, हे आधी लिहून काढा. युरोपातलं ईएन १२१९३ हे मानक तीन वर्ग करतं: वर्ग १ वरच्या स्पर्धांसाठी, वर्ग २ क्लब व मध्यम पातळीसाठी, वर्ग ३ सराव आणि हौशी खेळासाठी. मैदानी फुटबॉलला ते अनुक्रमे सरासरी ५००, २०० आणि ७५ लक्स (दर चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) सांगतं. मैदानी टेनिसला ५००, ३०० आणि २००. बंदिस्त बॅडमिंटनला ७५०, ५०० आणि ३००. स्पर्धा भरवायची असेल तर त्या खेळाच्या संघटनेची अट वेगळी असू शकते. ती लेखी मागवा.

लक्सइतकाच महत्त्वाचा आकडा एकसारखेपणाचा. सर्वांत कमी वाचनाला सरासरीने भागलं की तो मिळतो. फुटबॉलच्या वर्ग २ साठी तो किमान ०.६ हवा. डोळे दिपण्याचं मोजमापही असतं, त्याला जीआर म्हणतात. मोकळ्या मैदानावर वर्ग १ आणि २ साठी ते ५० च्या वर जाऊ नये.

तपासा: लक्स, एकसारखेपणा आणि जीआर, तिन्ही आकडे कागदावर आहेत का? नुसते लक्स लिहिलेली मागणी अर्धवट आहे. झगझगीत मधलं वर्तुळ आणि अंधारे कोपरेसुद्धा तिच्यात 'पास' होतात.

## टप्पा २: जागेची मोजणी

खेळाच्या रेषांची मापं घ्या, रेषेबाहेरची मोकळी जागा मोजा आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, झाडं, प्रेक्षकांची छपरं व शेजारच्या घरांच्या खिडक्या नकाशावर मांडा. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि निचऱ्याच्या वाहिन्या शोधून ठेवा, कारण पाया खणताना नेमक्या त्याच आडव्या येतात. बंदिस्त सभागृहात छताची उंची तुळईच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. दिवा तिथेच टांगला जाणार आहे.

## टप्पा ३: खांबांची जागा आणि उंची

हा टप्पा चुकला तर पुढे कितीही महागडा दिवा लावून उपयोग नाही. उभा केलेला खांब सहसा कुणी हलवत नाही, त्यामुळे इथे वेळ द्या.

उंची. मैदानाच्या मधल्या लांब अक्षावर उभं राहून दिव्यांकडे पाहिलं, तर नजर जमिनीशी साधारण २५ अंशांचा कोन करायला हवी. २० अंश ही खालची मर्यादा. खांबापासून त्या अक्षापर्यंतचं अंतर गुणिले ०.४६६ केलं की २५ अंशांची उंची मिळते. आपल्या मैदानात अर्धी रुंदी ३४ मीटर, खांब बाजूच्या रेषेपासून ६ मीटर बाहेर, म्हणजे अंतर ४० मीटर. उंची आली साडेअठरा मीटरच्या थोडी वर.

आता समजा खर्च वाचवायला १२ मीटरचे खांब घेतले. कोन १७ अंशांच्याही खाली जातो. मध्यभागापर्यंत उजेड न्यायचा तर दिवा उभ्या रेषेपासून ७३ अंश वर उचलावा लागतो. दिव्याचा नेम ७० अंशांपलीकडे गेला की प्रकाश गवतापेक्षा खेळाडूंच्या डोळ्यांत आणि शेजाऱ्यांच्या घरात जास्त जातो. 'दिवे फार डोळ्यांवर येतात' ही तक्रार आली की आधी खांबाची उंची मोजा. दिव्याच्या कंपनीकडे नंतर बोट दाखवा.

जागा. गोलरेषेच्या मध्यावर उभे राहा. गोलरेषेच्या दोन्ही बाजूंना १० अंशांच्या आत एकही दिवा नको. प्रक्षेपण होणार असेल तर १५ अंश मोकळे ठेवा. कॉर्नरवरून येणाऱ्या चेंडूकडे गोलरक्षक याच दिशेने पाहतो. आपल्या मैदानात हे अंतर गोलरेषेपासून आत ७.१ मीटर, आणि १५ अंशांसाठी १०.७ मीटर येतं. त्याच्या अलीकडे बाजूचा खांब उभा करू नका. चार खांब असतील तर प्रत्येक बाजूला दोन, गोलरेषेपासून साधारण २६ मीटर आत. सहा खांब असतील तर सुमारे साडेसतरा मीटर आत आणि तिसरा मधल्या रेषेवर. सहा खांबांवर सावल्या मऊ पडतात आणि एखादा खांब बंद पडला तरी फटका कमी बसतो. पायाचा खर्च झेपत असेल तर सहा घ्या.

इतर खेळांत नियम तोच, दिशा वेगळी: खेळाडू जिकडे रोखून पाहतो तिकडे दिवा नको. क्रिकेटमध्ये खेळपट्टीच्या सरळ रेषेत, गोलंदाजाच्या पाठीमागे खांब नको. टेनिसमध्ये बेसलाइनच्या मागे नको. बॅडमिंटनमध्ये कोर्टाच्या थेट वर दिवा अजिबात नको; लांब बाजूंना, रेषेबाहेर, कोर्टाला समांतर ओळीत लावा. शटल वर गेलं की खेळाडू छताकडेच पाहतो. व्हॉलीबॉलला जाळीच्या वरची आणि बास्केटबॉलला बास्केटच्या वरची जागा मोकळी ठेवा.

सावधान: 'तिथे आधीच खांब आहे, त्यावरच लावू' हा मोह टाळा. जुना खांब वापरायचाच असेल तर त्याची जागा, उंची आणि वारा पेलण्याची ताकद, तिन्ही तपासून मगच.

## टप्पा ४: दिव्यांचा हिशेब

कच्चा अंदाज असा. लक्स गुणिले क्षेत्रफळ. त्याला दोन गुणकांनी भागायचं. पहिला, दिव्यातून निघालेल्या प्रकाशाचा मैदानावर पोहोचणारा वाटा. मोकळ्या जागेत तो साधारण ०.५ धरा. दुसरा देखभाल गुणक: दिवा जुना होऊन आणि काच मळून घटणारा प्रकाश. एलईडीसाठी ०.८ हा सावध आकडा आहे.

७१४० चौरस मीटर × २०० लक्स म्हणजे १४.२८ लाख लुमेन (प्रकाशाच्या एकूण मात्रेचं एकक). त्याला ०.५ आणि ०.८ ने भागलं की ३५.७ लाख. १००० वॅटचा, वॅटमागे १४० लुमेन देणारा दिवा १.४ लाख लुमेन देतो, म्हणजे साडेपंचवीस दिवे. चार खांबांवर सारखे वाटायचे तर प्रत्येकी ७, एकूण २८.

हा आकडा फक्त अंदाजपत्रकापुरता. खरेदी करायची ती डायलक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण नकाशा काढल्यावरच. कंपनीकडून त्याच वॅटेजची, त्याच लेन्सची आयईएस फाइल (दिव्याचा प्रकाश कुठल्या दिशेला किती जातो ते सांगणारी) मागा. 'जवळपास तशीच' फाइल चालत नाही. लेन्स मिसळून घ्या: लांबच्या भागासाठी अरुंद झोत, खांबाजवळच्या भागासाठी रुंद. सगळे रुंद झोताचे घेतले तर खांबाजवळ लख्ख आणि मध्यभागी फिकट, असं मैदान मिळतं.

आलेला आराखडा वाचताना पहिली नजर देखभाल गुणकावर टाका. तिथे १.० लिहिलं असेल तर कागद परत पाठवा. त्या आराखड्याचं मैदान पहिल्या दिवशी २०० लक्स देईल आणि त्यानंतर कधीच देणार नाही. ०.८ धरला असेल तर नव्या, स्वच्छ दिव्यांनी २५० च्या आसपास मिळायला हवेत.

रंगाबाबत फार ताणू नका. ४००० ते ५७०० केल्विन आणि रंगदर्शन निर्देशांक (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ७० च्या वर असला की साध्या सामन्यांना पुरतं. प्रक्षेपणासाठी मात्र ड्रायव्हरच्या (एलईडीला ठरावीक करंट पुरवणाऱ्या उपकरणाच्या) लुकलुकण्याचा लेखी आकडा मागा. डोळ्यांना न दिसणारी लुकलुक संथ गतीच्या चित्रणात स्पष्ट दिसते.

## टप्पा ५: वीजजोडणी

प्रत्येक खांबावर तिन्ही फेज न्या आणि दिवे वाटून जोडा. सात दिव्यांची विभागणी ३-२-२. एक फेज गेली तरी कुठलाही कोपरा पूर्ण अंधारात जात नाही. जुन्या मेटल हॅलाइडमध्ये (एलईडीआधीच्या, वायू भरलेल्या दिव्यांमध्ये) तर हे आवश्यकच. शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर असले की लुकलुक एकमेकांत मिसळून कमी होते.

केबल निव्वळ करंटवर निवडू नका, व्होल्टेजची घट मोजा. ३ टक्क्यांच्या आत ठेवा. तीन दिव्यांच्या फेजवर सुमारे १३.७ अँपिअर येतात. खांब पॅनेलपासून १५० मीटरवर असेल तर गरम झालेली ६ चौरस मिमी तांब्याची केबल ३ टक्क्यांची रेषा ओलांडते. १० चौरस मिमीला घट २ टक्क्यांच्या आसपास राहते. ६ ची केबल करंट सहज पेलते, म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते. न्यूट्रल पूर्ण जाडीची घ्या. ड्रायव्हरचे तिसऱ्या पटीचे हार्मोनिक करंट (मूळ वारंवारतेच्या पटीतले) न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते.

एलईडी ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. सगळं मैदान एकाच कॉन्टॅक्टरवर (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचवर) घेतलं की एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते, आणि मग कुणीतरी मोठी एमसीबी बसवतं. तो इलाज नाही, तो धोका आहे. सी प्रकारची एमसीबी वापरा, एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतात ते ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात पाहा आणि खांब एक-दोन सेकंदांच्या अंतराने चालू होतील अशी टायमर-जोडणी करा. ड्रायव्हरचा गळती करंटही तिथेच लिहिलेला असतो. एका गळती-संरक्षक स्विचवर येणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरची बेरीज केली नाही, तर काहीही बिघाड नसताना तो पडत राहतो.

मुख्य पॅनेलवर आणि प्रत्येक खांबाच्या पेटीत सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) संरक्षण हवं. उंच धातूचा खांब आणि लांब केबल, दोन्ही विजेच्या झटक्याला आमंत्रण देतात.

नेहमीची चूक: सरावासाठी अर्धा उजेड हवा म्हणून चारपैकी दोन खांब बंद ठेवणं. उजेड अर्धा होतो, पण सावल्या गडद होतात आणि एकसारखेपणा कोसळतो. अर्धा उजेड हवा तर प्रत्येक खांबावरचे ठरावीक दिवे बंद करा किंवा डिमिंग घ्या, आणि त्या पातळीचाही वेगळा आराखडा करून घ्या.

## टप्पा ६: पाया आणि खांब

पायाचं गणित संरचना अभियंत्याचं आहे. माती तपासल्याशिवाय ते होत नाही, आणि 'शेजारच्या मैदानावर एवढाच पाया आहे' हा काही पुरावा नव्हे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किमी वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे ९८० न्यूटन, जवळपास शंभर किलोचा रेटा. सात दिव्यांचं आणि आडव्या दांड्याचं क्षेत्रफळ १९ मीटर उंचीवर तो रेटा घेतं आणि पायाशी त्याला तरफेची साथ मिळते. पुढे दिवे वाढवायचे असतील तर त्यांचं क्षेत्रफळ आजच अभियंत्याला सांगा.

काँक्रीट ओतण्याआधी केबलचे पाइप आणि अर्थिंगची पट्टी आत बसली आहे ना, ते पाहा. अँकर बोल्ट टेम्पलेटमध्ये घट्ट धरलेले हवेत आणि टेम्पलेटचा अक्ष दोरीने मैदानाच्या रेषेशी जुळवलेला हवा. तो ५ अंशांनी फिरला तर वरचा दांडाही तेवढाच फिरतो. बेसप्लेटखाली ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरताना पाणी बाहेर पडायला भोक ठेवा. ते बुजलं की खांब आतून गंजतो आणि बाहेरच्या रंगावर काहीच दिसत नाही.

## टप्पा ७: दिव्याची जोडणी आणि पाण्याचा बंदोबस्त

आयपी६६ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेल्या दिव्यातही पाणी सापडतं. ते बहुतेक वेळा काचेच्या कडेने नव्हे, केबलमधून आलेलं असतं. तापलेला दिवा बंद होऊन थंड झाला की आतली हवा आकसते आणि दिवा बाहेरून हवा ओढतो. केबलचं दुसरं टोक ओल्या जंक्शन बॉक्समध्ये उघडं असेल, तर तारांच्या बारीक पेडांमधून ओल वर चढते. काही महिन्यांत लेन्सच्या आत धुकं धरतं, मग टर्मिनलवर हिरवट थर बसतो आणि एका संध्याकाळी ड्रायव्हर जातो.

उपाय साधे आहेत. ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट बसणारी कडी) केबलच्या व्यासाचाच घ्या. सैल ग्लँडवर टेप गुंडाळून भागत नाही. ग्लँडपाशी पोहोचण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळून जातो. न वापरलेली भोकं प्लगने बंद करा. जंक्शन बॉक्सचा ग्लँड खालच्या बाजूला ठेवा. आणि दिव्याची हवा खेळवणारी झडप रंगाने किंवा सिलिकॉनने बुजवू नका. ती बुजली की दिवा श्वास ग्लँडमधूनच घेतो.

## टप्पा ८: नेम धरणं

आराखड्यासोबत प्रत्येक दिव्याचा नेमबिंदू येतो: मैदानाच्या कोपऱ्यापासून किती मीटर लांब, किती आडवा. हा तक्ता नसेल तर आराखडा अपुरा आहे.

१. दिव्यांना खांब आणि स्थान दाखवणारे क्रमांक द्या. अरुंद आणि रुंद झोताचे दिवे दिसायला सारखेच असतात. वर चढवल्यावर अदलाबदल ओळखू येत नाही.

२. दांडा जमिनीवर समपातळीत ठेवून कोनमापकाने प्रत्येक दिव्याचा कल लावा. खांब उभारल्यावरचं काम निम्मं होतं.

३. मैदानात टेपने मोजून नेमबिंदूंवर क्रमांकाच्या खुंट्या ठोका. पावलांनी मोजू नका.

४. दिवसा दिव्यावरच्या नेम-दुर्बिणीतून किंवा लेझरने खुंटी धरा. काळोख पडल्यावर तो एकच दिवा लावा, खुंटीवर लक्समीटरचं तोंड दिव्याकडे करा आणि वाचन सर्वाधिक होईपर्यंत कल किंचित वर-खाली करा.

५. बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा आणि कंस व दांडा दोघांवरून जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढा. पुढे दिवा सरकला तर रेघ तुटलेली दिसते.

इतका काटेकोरपणा कशाला, असं वाटेल. साडेअठरा मीटरवरून ६५ अंशांवर रोखलेला दिवा एक अंश सरकला तर नेम सुमारे १.८ मीटर हलतो. पाच अंश वर सरकला तर ११ मीटर. पहिल्याच वादळात एक सैल बोल्ट एवढं करू शकतो.

## टप्पा ९: स्वीकारण्याआधीची मोजणी

लक्समीटर प्रमाणित केलेला आणि तिरप्या प्रकाशासाठी सुधारणा असलेला हवा. फोनमधलं ॲप इथे उपयोगी नाही. चांदणं नसलेली रात्र निवडा. दिवे अर्धा तास तापू द्या. मेटल हॅलाइडचे नवे दिवे आधी १०० तास जळलेले असावेत. मोजताना पॅनेलवरचं व्होल्टेजही नोंदवा.

लांबीत ११ आणि रुंदीत ७, असे ७७ बिंदू आखा. अंतरं ९.५५ आणि ९.७१ मीटर येतात. पहिला बिंदू रेषेपासून अर्ध्या अंतरावर धरा, रेषेवर नव्हे. मीटर जमिनीवर आडवा ठेवा आणि तुमची सावली त्यावर पडणार नाही इतके दूर सरका. मोजणाऱ्याच्या सावलीमुळे कमी वाचन येणं ही सर्रास होणारी चूक आहे.

समजा सरासरी २३८ आली आणि सर्वांत कमी वाचन १३१. भागाकार ०.५५. सरासरी छान दिसते, तरी मैदान नापास आहे. कारण शोधताना आकड्यांचा नकाशा समोर ठेवा. सगळीकडे सारखाच उजेड कमी असेल तर व्होल्टेज किंवा ड्रायव्हरची सेटिंग पाहा. एकच चतुर्थांश अंधारा असेल तर त्या खांबाचा नेम चुकलेला आहे किंवा लेन्सची अदलाबदल झाली आहे. खांबापाशी लख्ख आणि मध्यभागी फिकट असेल तर अरुंद झोताचे दिवे खाली झुकले आहेत. नेम दुरुस्त करून पुन्हा पूर्ण मोजणी करा. फक्त दुरुस्त केलेला कोपरा मोजून चालत नाही.

मग खेळाडूंना मैदानावर पाठवा आणि उंच चेंडू खेळायला सांगा. जीआर कागदावर ठीक असूनही एखादा दिवा ठरावीक जागेवरून खुपतो. त्या दिव्याला पडदी लावून घ्या.

## टप्पा १०: देखभाल

दर महिन्याला सगळे दिवे लावून मैदानाला एक फेरी मारा. बंद, मंद किंवा लुकलुकणारा दिवा क्रमांकासह लिहा. सर्ज संरक्षकाची खिडकी हिरवी आहे का बघा. ती लाल झाल्यावरही दिवे चालूच राहतात, म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. पुढच्या झटक्याला मात्र ड्रायव्हर उघडे पडतात.

पहिल्या तीन महिन्यांनी, मग दरवर्षी अँकर बोल्टचा टॉर्क, खांबाच्या दारातून आतला गंज, दाराचं गास्केट, अर्थिंगचा रोध आणि रंगाच्या रेघा तपासा. काचा मऊ फडक्याने, साध्या साबणाच्या पाण्याने, दिवा थंड असताना पुसा. जोराच्या फवाऱ्याने पाणी गास्केटमधून आत शिरतं. थिनरने प्लॅस्टिकची लेन्स धूसर होते आणि ती पुन्हा कधीच स्वच्छ होत नाही.

मोठ्या वादळानंतर रेघा आणि बोल्ट लगेच पाहा.

सावधान: केबलचं इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासण्याआधी ड्रायव्हर आणि सर्ज संरक्षक सोडवून बाजूला करा. ५०० व्होल्टच्या तपासणीत ते निकामी होऊ शकतात. कुठल्याही कामाआधी पुरवठा बंद करून पॅनेलला कुलूप व पाटी लावा, आणि टेस्टरने वीज गेल्याची खात्री करा. मेटल हॅलाइड दिव्याची बाहेरची काच फुटली असेल आणि तो तरीही जळत असेल, तर ताबडतोब बंद करा. त्यातून निघणारे अतिनील किरण त्वचा आणि डोळे भाजतात.

वर्षातून एकदा त्याच ७७ बिंदूंवर मोजणी करा. पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर अशी दोनदा केली तर घट मळामुळे किती आणि वयामुळे किती, ते वेगळं कळतं. पुसल्यावरही सरासरी २०० च्या खाली राहिली तर दिवे बदलण्याचं नियोजन सुरू करा.

ड्रायव्हर बदलताना जुन्याचा आउटपुट करंट वाचून नव्याला तोच लावा. कारखान्यातून आलेली सेटिंग बहुधा वेगळी असते; जास्त करंट गेला तर तो एक दिवा इतरांपेक्षा उजळ दिसतो आणि लवकर मरतो. तारीख, दिव्याचा क्रमांक, जळालेले तास आणि नवा करंट वहीत लिहा, आणि त्या दिव्याच्या नेमबिंदूभोवतीच्या नऊ बिंदूंवर त्याच रात्री लक्स मोजून घ्या.